उजव्या अँपचा माइक

माइक लावून झाला की मी खडूने खूण करते. अँपच्या, म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीच्या, जाळीवर माइकचं तोंड जिथे येतं तिथे एक छोटी रेघ, आणि स्टँडचा पाय जिथे टेकतो तिथे जमिनीवर दुसरी. नवरा म्हणतो, तू पोलिसात भरती व्हायला हवी होतीस. त्याचं चुकत नाही. माझा स्वभावच संशयी आहे. भाजीवाल्याने तराजू उचलला की मी काट्याकडे बघत नाही, त्याच्या करंगळीकडे बघते. लोकांना त्याचा राग येतो. येऊ दे.

पालघरला आमचा साउंड भाड्याने देण्याचा धंदा आहे. बॉक्स, टेम्पो, वायरी आणि यजमानाशी गोड बोलणं हे नवऱ्याकडे, मिक्सर माझ्याकडे. असं वाटून घ्यायचं कारण सरळ आहे. नवऱ्याला आवाज मोठा आणि आवाज लहान एवढंच कळतं. मला त्याच्या आतलं कळतं, कारण माझा भाऊ बेंजो वाजवतो आणि माझा कान त्याने घडवला आहे. लहानपणी मुरब्याच्या घरी तो तारा लावायला बसला की मला अंगणाच्या पार टोकाला उभं करायचा आणि तिथून विचारायचा, "कुठली उतरली?" मी चुकले तर परत विचारायचा. बरोबर सांगितलं तर काही बोलायचा नाही, पुढच्या तारेला हात घालायचा. त्याचं न बोलणं ही शाबासकी असायची.

आमच्याकडचा बेंजो ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लांबट लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या पत्तीने तारा छेडायच्या. किनाऱ्यावरच्या हळदी याच वाद्यावर नाचतात. दादा दिवसा बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो, पण गावात त्याला कोणी बर्फवाला म्हणत नाही. बेंजोवाला म्हणतात. मुलांच्या शाळेतसुद्धा तो बर्फवाला बाप नाही, बेंजोवाला बाप आहे. ते गेलं तर त्याच्याकडे उरेल काय, हा विचार मी त्या हंगामापर्यंत कधी केला नव्हता.

दादाला दोन अँपांचं वेड मनोरला लागलं. हायवेवरच्या एका हॉटेलात कसलासा कार्यक्रम होता आणि गिटारवाल्याच्या पाठीमागे दोन बाजूंना दोन अँप होते. दादा जेवण सोडून त्या दोघांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्यानंतर त्याला एका अँपात चैन पडेना. त्याने दुसरा अँप घेतला, इकोची एक पेटी घेतली. त्या पेटीतून डाव्या अँपात बेंजोची सरळ धून जाते आणि उजव्यात तिचा पडसाद, जरासा मागून. दोन्ही जिथल्या तिथे असले की मांडवाच्या मध्यावर उभ्या माणसाला बेंजो एका कोपऱ्यातून वाजतोय असं वाटतच नाही, अख्खं अंगण वाजतंय असं वाटतं.

पण हे लोकांपर्यंत पोचवायचं तर दोन्ही अँपांपुढे माइक लावावे लागतात, आणि ते काम नाजूक आहे. माइक दोन्ही एका जातीचे हवेत. जाळीपासून चार बोटं लांब, किंचित तिरपे. स्पीकरच्या बरोबर मधोमध लावला तर आवाज टोचतो, कडेला नेला तर बसका होतो, म्हणून दोन्हींच्या मधली जागा शोधायची. अँप जमिनीवर ठेवायचे नाहीत. आम्ही मासळीचे रिकामे क्रेट उलटे घालून त्यावर ठेवतो. आणि मिक्सरवर एक डावीकडे, एक उजवीकडे सोडायचा, पण पार टोकाला नाही. हे मी ठेच खाऊन शिकले. आमच्या हळदीत बायका एका बाजूला नाचतात आणि पुरुष एका बाजूला, बॉक्सही तसेच लागतात. पहिल्या वेळी मी दोन्ही आवाज पार टोकाला नेले होते. बायकांच्या वाट्याला नुसती धून आली आणि पुरुषांच्या वाट्याला नुसता पडसाद. तक्रार कोणी केली नाही, पण पुरुषांचा पाय प्रत्येक वेळी जरा उशिरा पडत होता आणि ते एकमेकांना शिव्या घालत होते.

हे सगळं बसवायला मला बरेच दिवस लागले. म्हणून मनोरच्या हळदीत उजव्या अँपचा माइक खुणेवरून हललेला दिसला तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

नुसता हललेला नव्हता. जाळीला टेकवून बरोबर मधोमध दाबलेला होता, आणि अँपचा आवाजही चढवलेला. पुरुषांच्या बाजूला कानात खिळे ठोकल्यासारखं वाजत होतं. मी मिक्सरवर उजवा आवाज खाली ओढला, तर पुढच्या गाण्याला अँप आणखी चढलेला. अंगण लहान होतं, अँप स्वतःच इतका ओरडायला लागला की माझ्या मिक्सरला विचारतो कोण. पडसादाखाली धून बुडाली. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाय, गानं कुठला चाललंय? नुसता गलका येते."

कार्यक्रम संपल्यावर, दादा ज्या बेंजो पार्टीत वाजवतो तिचे मास्तर माझ्याकडे आले. मास्तर म्हणजे या पार्टीचे मालक, आणि ताशाही तेच वाजवतात. दादाच्या उजव्या हाताला त्यांची जागा, पार्टी सुरू झाली तेव्हापासून. ते म्हणाले, "तुज्या भावाचा उजवा अँप लय बोंबलते. लोक आता मला बोलाया लागले. हंगामाच्या शेवटी सातपाटीची हळद हाय, मोठं घर हाय, सगळा गाव जमनार. तितं असंच झालं तर पुढच्या हंगामाला बेंजो बंद. कीबोर्डमधे बेंजोचा टोन हायेच."

मी तिथेच आरोपी ठरवून टाकला. कीबोर्डवाला.

कीबोर्डवाला पार्टीत नवीन होता. बोईसरला कुठल्याशा कंपनीत शिफ्ट करायचा आणि सुट्टी बघून वाजवायला यायचा. माणूस फार गोड होता आणि तिथेच माझं बिनसलं. "ताई, चहा आणू का?" "ताई, वायर पायात येतेय, बाजूला करू का?" बोलायचा तर इतकं शुद्ध की आमच्याकडे तसं फक्त विमा विकायला येणारे बोलतात. बसायचा उजव्या अँपच्या अगदी पुढ्यात. त्याच्या कीबोर्डात बेंजोचा टोन होता. बेंजो गेला तर जागा कोणाला मिळणार होती? हे एवढं सरळ असताना मास्तरांना दिसत नव्हतं आणि दादा तर त्याच्या पाठीवर थाप मारायचा. मी ठरवलं, याला रंगेहाथ पकडायचा.

रंगेहाथ हा शब्द मी जरा शब्दशःच घेतला. पुढची हळद पालघरजवळच्याच एका गावात होती. मी माइकच्या क्लिपला आणि अँपच्या बटणाला मागच्या बाजूने हळद फासून ठेवली. जो हात लावेल त्याची बोटं पिवळी होतील असा माझा बेत. कार्यक्रम संपला, माइक अर्थातच हललेला होता, आणि मी बोटं बघत फिरायला लागले. कीबोर्डवाल्याची पिवळी. मास्तरांची पिवळी. माझ्या नवऱ्याची कोपरापर्यंत पिवळी. नवरदेवाच्या मावशीने येऊन माझ्याही दोन्ही गालांना लावली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आपण हळदीत हळदीचा सापळा लावलाय. नवऱ्याला हे सांगितल्यावर तो टेम्पोचं दार धरून हसत राहिला. मी त्याच्याशी घर येईपर्यंत बोलले नाही.

तरी त्या दिवशी एक गोष्ट नक्की झाली. माइक गाणी चालू असताना हलत नव्हता. तो धवल्याच्या वेळी हलायचा. हळद लावायची वेळ झाली की गावातल्या जाणत्या बायका धवला गातात, आणि धवला सुरू असताना पार्टीने गप्प बसायचं असतं. सगळ्यांचे डोळे नवरदेवाकडे. मास्तर तेवढ्यात यजमानाशी बोलायला उठतात. माझ्या आणि पार्टीच्या मधे नातेवाइकांच्या पाठी येतात. कोणाला काही करायचं असेल तर याहून चांगली वेळ नाही.

बोईसरच्या हळदीला मी पर्समधलं काजळ वापरलं. एका सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव होता, संध्याकाळची शिफ्ट सुटलेली माणसं कठड्याला टेकून बघत उभी होती. मी माइकच्या क्लिपला आणि उजव्या अँपच्या बटणाला काजळ चोपडलं, खडूची रेघ मारली आणि वाट बघत बसले. धवला सुरू झाला. मी मिक्सर नवऱ्याच्या हवाली केला आणि बायकांच्या घोळक्याला वळसा घालून मागच्या बाजूने गेले.

कीबोर्डवाला उजव्या अँपपुढे उकिडवा बसला होता. हात माइकवर.

"काय चाललंय?" मी विचारलं.

तो दचकला. म्हणाला, "ताई, माइक घसरला होता. सरळ करत होतो."

"हात दाखव."

त्याने दाखवले. उजव्या हाताच्या दोन बोटांना काजळ. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी दबक्या आवाजात त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, कारण ते छापण्याजोगं नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मी मास्तरांना शोधायला वळले आणि वाटेत बेंजो दिसला. दादा पाणी प्यायला उठला होता, बेंजो खुर्चीवर ठेवलेला. त्याची पांढरी बटणं दादा रोज फडक्याने पुसतो. त्यातल्या चार-पाच बटणांवर काळे ठसे होते.

मी परत अँपकडे गेले. क्लिपवरचं काजळ पुसटलं होतं आणि आवाजाच्या बटणावरचं साफ गेलं होतं. कीबोर्डवाल्याच्या अंगठ्याला मात्र काही नव्हतं, आणि अंगठ्याशिवाय बटण फिरत नाही. माइक बघितला. माझ्या खडूच्या रेघेवर बरोबर होता. म्हणजे तो खरंच सरळ करत होता.

मी त्याला म्हटलं, "कधीपासून?"

"मी आल्यापासूनच, ताई. धवल्याला ते बटण चढवतात आणि माइक दाबतात. मला जमेल तेव्हा मी परत लावतो. बटणाला हात लावायची हिंमत होत नाही, अँप त्यांचा आहे." मग म्हणाला, "मी उजवीकडून काही विचारलं की ते उत्तर देत नाहीत. आधी वाटायचं, माझ्यावर राग आहे. मग एकदा डावीकडून विचारलं."

हे ऐकून दुसऱ्या कोणालाही दया आली असती. मला नवीनच शंका आली. हा आता दादा बहिरा झाल्याचं पसरवतोय. माइकची युक्ती फसली म्हणून आता कानाची. मी त्याला म्हटलं, हे दुसऱ्या कोणाजवळ बोललास तर कीबोर्डसकट तुला खाडीत टाकीन. तो म्हणाला, "नाही बोलणार, ताई." तेही फार गोड बोलला.

पण परत येताना टेम्पोत माझं मन मला खायला लागलं. दादा फोन नेहमी डाव्या कानाला लावतो. लग्नाच्या पंगतीत भिंतीकडेची जागा धरतो, उजवी बाजू भिंतीला. धवला चालू असताना मान वळवून बसतो, मला वाटायचं यजमानाच्या माणसांकडे पाठ फिरवून रुबाब करतो. गेल्या दिवाळीला मी त्याला अंगणात हाक मारली होती, त्याने वळूनही पाहिलं नव्हतं, आणि मी तो अपमान समजून वहिनीशी आठवडाभर तुटक बोलले होते. एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी लोकांच्या करंगळ्या बघत बसले होते.

पुढच्या सुट्टीला मी मुरब्याला गेले. दादा ओट्यावर बसून बेंजोची तार बदलत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला टेकले. समोर वलांडीवर बोंबील वाळत होते, त्यांच्याकडे बघत बघत मी हळूच म्हटलं, "दादा, तुजी बनियन उलटी हाय."

तो तार ताणत राहिला.

मी जरा मोठ्याने म्हटलं, "मास्तर तुला काढनार हाय."

त्याने तार छेडली आणि डोकं तिरकं करून डाव्या कानाने ऐकली. मी तिथेच बसून राहिले. त्याच्या उजव्या कानाकडे बघवेना. इतकी वर्षं त्या कानाशेजारी, हाताच्या अंतरावर, मास्तरांचा ताशा तडतडत होता. ज्याच्या ताशाने कान खाल्ला तोच आता म्हणत होता की बेंजो बोंबलतो. मला मास्तरांचा इतका राग आला की मी फोनसुद्धा हातात घेतला. मग ठेवला. मास्तरांना कळलं की दादाला एका बाजूने ऐकू येत नाही, तर सातपाटीपर्यंतही थांबले नसते.

दादाला दोन अँपांतला एकच ऐकू येत होता, एवढाच सगळा प्रकार. त्याने हौसेने उभा केलेला उजवा अँप त्याच्यापुरता मुका होता. त्याला वाटायचं माइक सरकला असेल, अँप उतरला असेल. कान गेलाय असं वाटायचं की नाही, ते मला अजून माहीत नाही.

वहिनी चहा घेऊन आली. तिने कप दादाच्या डाव्या हाताला ठेवला, वाकून डाव्या कानाशी काहीतरी बोलली, आणि मान वर करताना तिची माझी नजर मिळाली. ती थांबली. मी निघाले तेव्हा मला सोडायला ती रस्त्यापर्यंत आली.

"कळलं तुला?" ती म्हणाली.

"तुला कधीपासून माहीत हाय?"

"मी त्याच्या शेजारी झोपते." एवढंच उत्तर तिने दिलं. मग म्हणाली, "तुला कळलं ते त्याला सांगू नको. दुसऱ्या कोनाला चाललं असतं. पन तुजा कान त्यानं तयार केला ना, तुज्यासमोर त्याला नाय जमनार. बेंजो ठेवून देल."

तिचंही मी लगेच खरं मानलं नाही. बायको नवऱ्याची बाजू घेणारच. पण ती परत वळून घराकडे चालायला लागली तेव्हा पदराने डोळे पुसत होती, आणि मी बघतेय हे तिला माहीत नव्हतं. जे माझ्यामागे केलं जातं त्यावर माझा विश्वास बसतो.

सातपाटीच्या हळदीला आम्ही दुपारीच सामान उतरवलं. घर खरंच मोठं होतं, दाराशी मासेमारीची जाळी गुंडाळून बाजूला सारलेली, मांडव पार रस्त्यापर्यंत आलेला. मी क्रेट घातले, अँप ठेवले, माइक लावले, खडूच्या रेघा मारल्या. मग टेम्पोतून एक मॉनिटर आणला. मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्या पायाशी, तोंड वर करून ठेवतात तो लहान बॉक्स. बेंजोवाल्याला तो कोणी देत नाही, त्याचे अँप पाठीशीच असतात. मी तो दादाच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला ठेवला, आणि मिक्सरवरून फक्त उजव्या माइकचा आवाज काढून त्यात सोडला. लोकांना उजव्या बाजूचं उजवीकडूनच ऐकू येणार होतं. दादाला ते डावीकडून मिळणार होतं.

दादा आला आणि मॉनिटरकडे बघत उभा राहिला. संशय आमच्या घराण्यातच आहे.

"ह्ये काय?"

मी त्याच्या डाव्या बाजूला सरकून म्हटलं, "गानारी बाई येनार हाय. तिच्यासाठी."

"मंग माज्या पायाशी कशाला?"

"दुसरीकडे जागा नाय."

त्याने मांडवभर नजर फिरवली. जागा भरपूर होती. मग तो खुर्चीवर बसला आणि बेंजो मांडीवर घेतला. कीबोर्डवाला समोरून माझ्याकडे बघत होता. मी त्याला डोळे मोठे करून दाखवले, तो वायर बघायला लागला.

पहिलं गाणं सुरू झालं. मी मॉनिटरचा आवाज अगदी शून्यावर ठेवला होता, तो हळूहळू वर आणला. दादाची पत्ती एका ठोक्याला चुकली. फक्त एकच ठोका, नाचणाऱ्यांच्या लक्षातही आला नसेल, पण मास्तरांनी ताशावरून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. दादा खाली मॉनिटरकडे बघत होता. मग त्याने डोळे मिटले आणि पुढे वाजवायला लागला. पडसाद धुनीच्या मागून येत होता, जितका यायला हवा तितकाच, आणि दादा आता त्याच्यासाठी जागा सोडून वाजवत होता. बऱ्याच हंगामांत त्याने अशी जागा सोडली नव्हती. मी ते विसरूनही गेले होते.

धवला सुरू झाला. मास्तर उठले. या वेळी मी मिक्सर सोडला नाही, बाकावर चढून उभी राहिले, कोणाला काय वाटायचं ते वाटू दे. दादा उठला. उजव्या अँपपाशी गेला. त्याचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथे थांबला. त्याने जाळीवरची खडूची रेघ बघितली, मग माइक बघितला, मग मांडवभर माणसांच्या डोक्यांवरून सरळ माझ्याकडे बघितलं. मी बाकावरून उतरायला विसरले. तो परत खुर्चीवर जाऊन बसला. हात लावला नाही.

हळद आटोपल्यावर मास्तर घाम पुसत आले. म्हणाले, "आज अँप बरोबर होता. घरातल्या बायका म्हनल्या, बेंजो लय गोड वाजला. पुढच्या हंगामाला ठेवू."

"मंग त्याला मॉनिटर लागनार," मी म्हटलं.

"कशाला?"

"चांगल्या पार्टीत असते."

त्यांना ते पटलं. त्यांनी आपल्यालाही एक हवा म्हणून सांगितलं. त्यांना देणार नाहीच, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

कीबोर्डवाल्याला मी चहा नेऊन दिला. माझ्या बाजूने एवढं पुरे होतं. त्याने "थँक्यू ताई" म्हणून दोन्ही हातांनी कप घेतला. इतकं गोड माणूस कशाला वागतो ते मला आजही कळलेलं नाही, आणि मी त्याच्यावरची नजर काढलेली नाही.

नवरा बॉक्स चढवत होता. मी अँपामागे वाकून वायर हातावर गुंडाळत होते, तेव्हा दादा बेंजोची पेटी घेऊन आला. त्याने पेटी क्रेटवर ठेवली. मॉनिटरकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कोनाला सांगितलंस?"

त्याचा आवाज मी ओळखला. मी इतरांशी बोलते तसाच होता.

मी सरळ उभी राहिले. म्हटलं, "कोनाला नाय, दादा."

आता त्याने माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. आयुष्यभर मी लोकांची उत्तरं अशीच तोलत आलेय, पण माझं उत्तर असं कोणी तोलावं, तेही त्याने? मी पुन्हा तेच म्हणणार होते, जरा फणकाऱ्याने. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तो तोलत नव्हता. तो वाट बघत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला उभी होते.

मी वायर खाली ठेवली, त्याच्या पाठीमागून डावीकडे गेले आणि कानाशी वाकून तेच परत सांगितलं.

त्याने काही न बोलता बेंजोची पेटी उचलली.